दसऱ्याला धुतलेल्या जाळ्या

माझी नोकरी अशी आहे की सकाळी मी जंतू मारते आणि दुपारी जंतू पाळते. दवाखाना तोच, पगार तोच. बालाघाट शहर संपून धानाची शेतं सुरू होतात तिथे हा खाजगी दवाखाना आहे. पुढच्या अंगाला तपासणीची खोली आहे, तिथे मी लोकांचं रक्त-लघवी तपासते. मागच्या अंगाला सांडपाण्याची टाकी आहे. ती बसवली तेव्हा तिची देखरेख माझ्या गळ्यात पडली, कारण बीएस्सी झालेलं दुसरं कोणी हाताशी नव्हतं. व्यवस्थापक म्हणाले, "मॅडम, आप तो साइंस वाली हैं." माझं साइंस कॉलेजच्या परीक्षेनंतर माझ्याशी फारसं बोलत नाही, हे मी त्यांना सांगायला हवं होतं. पण आपली स्तुती कोण खोडून काढतं?

टाकी बसवायला नागपूरहून एक इंजिनिअर आला होता. त्याने समजावलं आणि मी मान डोलावली. टाक्या दोन. दोन्हींत प्लास्टिकच्या जाड जाळ्यांच्या चौकटी उभ्या टांगलेल्या. वाहत्या पाण्यात त्या जाळ्यांवर हळूहळू बुळबुळीत थर धरतो. रंग तपकिरी, आणि हाताला अगदी शेंबडासारखा लागतो. मला दुसरी उपमा सुचत नाही आणि शोधायचीही नाही. हा थर म्हणजे जिवंत जंतूंची वस्ती. पहिल्या टाकीत खालून हवेचे बुडबुडे सोडलेले असतात. तिथले जंतू लघवीतल्या अमोनियाचं नायट्रेट करतात. दुसऱ्या टाकीत हवा नाही. तिथले जंतू त्या नायट्रेटचा नायट्रोजन करून सोडून देतात, आणि तो मुकाट्याने वर हवेत निघून जातो.

"आणि औषधं?" मी विचारलं होतं. कारण रोगी जी अँटिबायोटिक गिळतो ती सगळी त्याच्या अंगी लागत नाही, बरीचशी लघवीतून बाहेर पडते आणि दवाखान्याच्या पाण्यात येते, हे त्यानेच सांगितलं होतं.

"थरात अडकतात. काही जंतू ती हळूहळू फोडतात."

"सगळी?"

"सगळी नाही. काही."

"कोणती?"

"ते मोजावं लागेल," तो म्हणाला आणि गाडीत बसून गेला.

तेव्हापासून मी गोंधळलेली आहे. जंतू मारायचं औषध जंतूच खातात, हे मला कळलं. पण औषधात बसून बसून ते जंतू औषधाला सरावले तर? ही टाकी म्हणजे जंतूंचा दवाखाना की त्यांची तालीम? इंजिनिअरला फोनवर विचारलं तर म्हणाला, "प्रश्न चांगला आहे." प्रश्न चांगला आहे असं कोणी म्हटलं की मला चीड येते. उत्तर नाही, असं सरळ म्हणावं.

हा गोंधळ माझ्यासाठी नुसता डोक्यातला नव्हता. माझी आई पायाच्या जखमेने गेली. दवाखान्यातून निघालेलं पाणी नाल्याने जवळच्या गावच्या तलावात जातं. त्या तलावात माझ्या मावशीच्या सासरचे शिंगाडा लावतात, आणि हंगामात आई आपल्या बहिणीला मदत करायला जायची. शिंगाडा पिकला की वेलावरून सुटतो आणि तळाशी बसतो. त्याला दोन्ही बाजूंनी काटे. मागच्या वर्षीचे कुजके शिंगाडे चिखलात तसेच पडून असतात, आणि काठाजवळ उतरणाऱ्याच्या तळपायात घुसतात. आईच्या पायात असाच काटा गेला. जखम चिघळली. तिच्या जखमेचा नमुना मीच आमच्या तपासणीच्या खोलीत लावला. काचेच्या बशीत जंतू वाढवायचे, त्यावर वेगवेगळ्या औषधांच्या चकत्या ठेवायच्या. ज्या औषधाने जंतू मरतात त्या चकतीभोवती स्वच्छ कडं पडतं. आईच्या बशीत एकाही चकतीभोवती कडं पडलं नाही. मी ती बशी उजेडात धरून पुन्हा पुन्हा फिरवून पाहिली. तेव्हा ही टाकी नव्हती, पाणी तसंच नाल्यात जायचं. आमच्या दवाखान्यातलं औषध नाल्यातून तलावात जाऊन तिथले जंतू निर्ढावले आणि तेच आईच्या पायात शिरले, असं झालं का? मला माहीत नाही. आजही माहीत नाही.

बाबांनी मात्र त्या दिवसापासून जंतूंशी वैर धरलं. ते उकव्याच्या मँगनीज खाणीच्या वर्कशॉपमधून मेकॅनिक म्हणून रिटायर झाले. जन्मभर काळ्या भुकटीत काम केलेला माणूस. आई होती तोवर त्याच हातांनी भाकर मोडायचे. आई गेल्यावर घरात ब्लीचिंग पावडरचा वास कायमचा राहायला आला. फरशी, दाराची कडी, पाण्याचा नळ, सगळं रोज घासून. बाहेर निघाले की खांद्याच्या पिशवीत साबणाची वडी आणि उकळून गार केलेल्या पाण्याची बाटली. दुसऱ्याच्या घरचं खाणं बंद. मावशीने शिंगाडे पाठवले की म्हणायचे, "ठेव बाजूले." ते बाजूलाच सुकून जायचे. मावशीला हे कळलं होतं. ती शिंगाडे पाठवायची थांबली नाही, पण आमच्याकडे येणं तिने कमी केलं.

त्यांना मी टाकीबद्दल नीट सांगितलं नव्हतं. "पानी साफ करायची मशीन आहे," एवढंच. ज्या माणसाची बायको जंतूंनी नेली त्याला पोरगी जंतू पाळते हे कसं सांगायचं?

खाणीतला दसरा ज्याने पाहिला नाही त्याला पुढची गोष्ट खरी वाटणार नाही. वर्षभर तिथे सगळं काळं असतं. रस्ते काळे, झाडांची पानं काळी, वर्कशॉपमधली यंत्रं तर कोणत्या रंगाची आहेत हे नवीन माणसाला सांगता येऊ नये. पण दसऱ्याच्या आदल्या दिवशी प्रत्येक मेकॅनिक आपलं यंत्र रगडून धुवायचा. सोडा, रॉकेल, नारळाची शेंडी. दसऱ्याला आम्ही घरची माणसं नवे कपडे घालून वर्कशॉप पाहायला जायचो, आणि बाबांचा कॉम्प्रेसर पिवळाजर्द दिसायचा. तेवढा एक दिवस. त्याच्या गळ्यात झेंडूची माळ, अंगावर हळदकुंकवाची बोटं, पुढे नारळ. न धुतलेल्या यंत्राला हार घालणं म्हणजे बाबांच्या लेखी पारोशाने देवघरात जाणं.

टाकी बसवली त्या वर्षी दसऱ्याला मी दवाखान्यात पोचले तर टाकीच्या फाटकाला आंब्याची पानं बांधलेली. किल्ली घरच्या खिळ्याला असते, ती सकाळी दिसली नव्हती. मला वाटलं पर्समध्येच आहे. आत बाबा. पायजमा गुडघ्यापर्यंत वर, अंगात धुतलेला सदरा. चौकटी वर उचलायला तिथे साखळीची कप्पी आहे. ती चालवायला मला दोन माणसं लागतात, बाबांनी ती एकट्याने चालवली होती. पहिल्या टाकीच्या सगळ्या जाळ्या एकेक करून वर घेतलेल्या, ब्लीचिंग पावडरने घासलेल्या, परत जागेवर सोडलेल्या. पांढऱ्याशुभ्र. इतक्या पांढऱ्या की मला आधी वाटलं नव्या बसवल्या. प्रत्येक चौकटीच्या वरच्या दांडीला झेंडूची माळ होती.

"पाह्य," बाबा म्हणाले. "किती घान चढली होती पोरी. हप्त्या-हप्त्यानं धूत जाय. मशीनले असं ठेवतेत का?"

बाबांचा चेहरा आई गेल्यापासून इतका मोकळा मी पाहिला नव्हता. तेवढ्यात व्यवस्थापक आले. ते खूश. मोबाइल काढून फोटो घेतले आणि म्हणाले, "वाह अंकल, क्या चमका दिया! मॅडम, ऐसा ही रखा करो." मग बाबांनी नारळ फोडला. खोबऱ्याचा तुकडा माझ्या हातावर ठेवला. मी तो खाल्ला. काय करणार होते?

"दुसरी टाकी उरली," बाबा म्हणाले. "कंबर भरून आली. उद्या करतो."

"नाही!" मी इतक्या जोरात ओरडले की व्यवस्थापक दचकले. "तिले हात नका लावू. ती... तिची पूजा दिवाळीले असते."

हे माझ्या तोंडातून कुठून आलं देव जाणे. बाबांनी ते मानलंही.

घरी न जाता मी इंजिनिअरला फोन लावला. सणाच्या दिवशी त्रास दिल्याबद्दल तो आधी नाराज झाला, मग त्याने सगळं ऐकून घेतलं. म्हणाला, दुसरी टाकी चालेल, पण पहिलीशिवाय तिला काम नाही. पहिल्या टाकीतले जंतू फार सावकाश वाढतात, त्यांना आठवडे लागतील. तोवर अमोनिया आणि औषधं तशीच पुढे जातील. "जुना थर आणून त्यात टाका. याच पाण्याखाली बरेच दिवस राहिलेलं काहीही चालेल. नाल्यातले दगड, पाइपाच्या तोंडाची घाण. आणि ते ब्लीचिंगचं पाणी आधी काढून टाका, नाहीतर नवेही मरतील."

ब्लीचिंगचं पाणी मी टाकीशेजारच्या साठवणीच्या हौदात अडकवलं. पण दवाखाना काही थांबत नाही. रोगी येतात, संडास चालतात, कपडे धुतले जातात. संध्याकाळपर्यंत हौद भरला. व्यवस्थापकांना सांगितलं की पाणी सोडण्यालायक नाही. ते म्हणाले, "इतना साफ तो दिख रहा है." मग म्हणाले, "त्योहार के बाद देखते हैं, पानी को तो जाना ही है." पाणी गेलं. मी फाटकाशी उभं राहून ते नाल्यात पडताना पाहिलं. मला फक्त एकच गोष्ट दिसत होती: हे पाणी जिथे जातं तिथे मावशी सकाळी कमरेइतक्या पाण्यात उतरणार. अनवाणी.

शिंगाड्याचा हंगाम ऐन भरात होता. पिकलेला शिंगाडा आज तोडला नाही तर उद्या तळाशी गेला, असा हिशोब. मी सकाळीच गेले. मावशी काठावर लुगडं खोचून उभी, बांबूला दोन मडकी बांधून केलेला तराफा पाण्यात सोडायच्या बेतात.

"मावशी, पान्यात उतरू नको."

"काहून?"

"दवाखान्याचं पानी खराब येऊन राह्यलं."

"ते तं तू साफ करून राह्यली ना?"

"मी नाही करत. जंतू करतेत."

मावशीने तराफा सोडून माझ्याकडे पाहिलं. "जंतू?"

"पाळलेले. चांगले. ते मेले म्हणून पानी खराब झालं."

"थांब," ती म्हणाली. "जंतू मेले तं पानी साफ होईन का खराब होईन?"

मी समजावायला लागले आणि माझं मलाच कळेनासं झालं. चांगले जंतू, वाईट जंतू, औषध खाणारे, औषधाला न जुमानणारे. कोणता कुठला हे नुसतं पाहून मीही सांगू शकत नाही. मावशी ऐकत राहिली आणि शेवटी हळूच म्हणाली, "तुया मायले जंतूनं नेलं, अन् तू जंतू पाळून राह्यली?"

मला रडू आलं आणि त्याचाच मला राग आला. मावशीने माझ्या डोक्यावरून हात फिरवला. त्या दिवशी ती उतरली नाही, पण ते माझ्या बोलण्याने नव्हे, माझ्या रडण्याने. जाळ्या कोणी धुतल्या हे मी तिला सांगितलं नाही.

बाबांना मात्र सांगावं लागलं. नाल्यातले दगड उचलायला माणूस हवा होता, आणि सफाईवाल्या बायका म्हणाल्या की त्या घाणीला हात लावणार नाहीत, हे त्यांच्या कामात नाही. बरोबरच होतं. मी दुपारी घरी येऊन बाबांसमोर बसले आणि सगळं सांगितलं. वस्ती, थर, अमोनिया, मावशी. ते मध्येच म्हणाले, "म्हंजे म्या जे धुतलं ते मशीनच होतं?"

"हौ."

"अन् ते घान नव्हती."

"घानच होती बाबा. पण तीच कामाची होती."

ते उठले आणि मोरीत जाऊन साबणाने हात धुवायला लागले. बराच वेळ पाणी वाहत राहिलं. मी दाराशी उभी होते. त्यांना ओरडावं की जवळ घ्यावं, मला ठरवता येईना. ज्या माणसाने हे सगळं प्रेमाने केलं त्याच्यावर रागवायचं कसं, आणि न रागवता गप्प बसायचं तरी कसं? शेवटी मी चहा ठेवला. तो त्यांनी घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी मी दवाखान्यात गेले तर बाबा टाकीच्या फाटकापाशी बसलेले. जवळ बादली. तोंडाला फडकं, हातात कोपरापर्यंतचे रबरी मोजे.

"कुठून आनू?" त्यांनी विचारलं.

नाल्याच्या तोंडाशी पाणी पडतं तिथले दगड आम्ही उचलले. तपकिरी, बुळबुळीत, घाण वासाचे. बाबांनी आई गेल्यापासून ज्या गोष्टी खरवडून फेकल्या त्याच आता तळहातावर घेऊन ते बादलीत अलगद ठेवत होते. एका दगडावरचा थर सुटून पाण्यात गेला तर म्हणाले, "अरे, गेला." बाळाच्या तोंडचा घास सांडावा तसं. आम्ही दगड जाळीच्या पिशव्यांत भरून पहिल्या टाकीत टांगले. झेंडूच्या माळा अजून चौकटींना होत्या, सुकलेल्या. बाबांनी त्या काढल्या नाहीत. मीही नाही.

"आता?" ते म्हणाले.

"आता वाट पाहायची."

"औषध-बिषध काही?"

"औषध नाही बाबा. औषधच तं त्याईले द्यायचं नाही."

बाबा हसले की काय मला कळलं नाही, तोंडावर फडकं होतं.

वाट पाहण्यासारखं गोंधळाचं काम नाही. रोज मी बाटलीत पाणी घेऊन त्यात अमोनिया तपासायच्या रसायनाचे थेंब टाकायची. पाणी जितकं गडद पिवळं, तितका अमोनिया जास्त. रोज गडद. जाळ्यांवर काही दिसेना. मग एका दिवशी पिवळा रंग जरा उतरल्यासारखा वाटला. दुसऱ्या दिवशी पुन्हा होता तसा. इंजिनिअर म्हणाला, होतं असं. तलावातले लहान मासे पहाटे श्वासासाठी तोंडं पाण्यावर काढायला लागले असं मावशीच्या गावचे लोक म्हणत होते. ते आमच्या पाण्याने की आभाळ आल्याने, कोणालाच ठाऊक नव्हतं. आणि औषधांचं काय, ते मोजायचं साधन माझ्याकडे नव्हतंच. मी जे मोजू शकत होते ते मोजत होते आणि ज्याची भीती वाटत होती ते मोजता येत नव्हतं.

मावशीचा धीर सुटला. एका सकाळी गावातून निरोप आला की ती पाण्यात उतरली. मी बाबांना काही न बोलता निघाले, तर ते चपला घालून मागे आलेच. आई गेल्यापासून त्यांनी तो तलाव पाहिला नव्हता. आम्ही पोचलो तेव्हा मावशी काठाजवळच्या पाण्यात उभी राहून वेल उलटत होती.

"मावशी, बाहेर ये!" मी काठावरून ओरडले. "किती वेळा सांगू तुले?"

"पिकून गळून चालला ना वो सारा," ती तिकडूनच म्हणाली. "तुया जंतूची वाट पाहू का दिवाळी करू?"

माझं डोकं फिरलं. मी काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. मावशीही काही कमी नाही, तीही बोलली. आमच्या दोघींचा आवाज चढत गेला आणि मध्येच बाबा बोलले. आवाज मोठा नव्हता.

"ते तिनं नाई केलं. म्या केलं."

बाबा पाण्याच्या कडेला उभे होते, चपलांच्या टोकाला ओल लागत होती.

"मशीन म्या धुतलं. दसऱ्याले. मले वाटलं घान आहे. हे जे पानी येऊन राह्यलं ते माया हातानं येऊन राह्यलं." मग थोडं थांबून म्हणाले, "तुया बहिनीले काटा रुतला तवा ती मले दाखवाले आलती. म्या म्हटलं, काई नाई होत, हळद लाव. पाय धुवून देतो असंही म्हटलं नाई. जेवत होतो म्या. आता तुले काई नाई होत असं मी नाई म्हनत. तू निंग बाहेर."

हे मला माहीत नव्हतं. इतकी वर्षं एका घरात राहून, ब्लीचिंग पावडरच्या त्या वासात राहून, मला वाटत होतं की बाबा जंतूंवर चिडले आहेत.

मावशीने हातातला वेल सोडला. ती चालत काठाशी आली, चिखलातून, सावकाश, आणि शेवटच्या पावलाला तिने "स्स" केलं. ती काठावर टेकली आणि पाय वळवून पाहिला. टाचेजवळ शिंगाड्याचा काळा काटा मोडून बसला होता. भोवती रक्ताचा लहान थेंब.

मी आणि मावशी दोघी त्या थेंबाकडे पाहत राहिलो. मी तपासणी करणारी बाई, टाकीवाली बाई, साइंस वाली. माझ्या डोळ्यांपुढे फक्त ती काचेची बशी आली.

बाबा खाली बसले. पिशवी खांद्यावरून उतरवली. त्यातून साबणाची वडी काढली, बाटली काढली. मावशीचा पाय उचलून त्यांनी आपल्या मांडीवर घेतला.

"भाऊजी, पाय नोका धरू," मावशी म्हणाली. "पाप लागन मले."

"चूप बस."

दोन नखांत धरून त्यांनी तो काटा बाहेर ओढला. मेकॅनिकची बोटं, अजूनही चिमट्यासारखी पक्की. मग पाणी ओतलं, साबण लावला आणि धुवायला लागले. टाच, बोटांच्या मधली जागा, घोटा. सगळा फेस काळा होऊन गेला, तो धुऊन पुन्हा साबण. जाळ्या घासल्या होत्या त्या जोराने नाही. बाटली रिकामी झाली तरी ते हात फिरवतच होते.

"यवडं कोनी धुते का?" मावशी म्हणाली.

"धुवा लागते," बाबा म्हणाले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता.

मावशीला मी तिथूनच दवाखान्यात नेलं. जखम नीट साफ करून घेतली, इंजेक्शन दिलं. ते औषध तिच्या अंगातून निघून पुन्हा माझ्याच टाकीत येणार, हे माझ्या मनात आलं आणि मी ते मनातच ठेवलं. पाय चिघळला नाही. धुण्यामुळे की औषधामुळे की नशिबाने, मी सांगू शकत नाही. त्यानंतर ती पाण्यात उतरली नाही. त्या हंगामाचा बराच शिंगाडा तळाशी गेला, आणि पुढच्या साली त्याचेच काटे चिखलात असणार हे आम्हा तिघांनाही कळत होतं.

दिवाळीच्या सुमारास थेंब टाकल्यावर पाणी फिकट राहिलं. दुसऱ्या दिवशीही फिकट. या वेळी बाबांच्या मदतीने मी कप्पी ओढून एक जाळी वर घेतली. तिच्यावर पातळसा तपकिरी थर धरला होता. बाबांनी मोजा काढला आणि उघड्या बोटाने त्याला स्पर्श केला.

"हे तेच का?" त्यांनी विचारलं. "तुया मायच्या पायात होते ते?"

"मले माहीत नाही बाबा."

त्यांनी मान हलवली. जाळी परत पाण्यात सोडली. मग नळाकडे गेले, हात धुतले आणि पिशवीतून मावशीने पाठवलेले उकडलेले शिंगाडे काढले. एक स्वतः सोलून खाल्ला, एक माझ्या हातावर ठेवला.